लाल वाईनचे किण्वन मध्येच थांबते तेव्हा

सोलापूर जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदाराला वाईन हा विषय आता परका राहिलेला नाही. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क झाले. पुढे आपल्याच माळशिरस तालुक्यात अकलूज परिसरात फ्रातेल्ली वायनरी उभी राहून सांजोव्हेसेसारख्या इटालियन जातीची लागवड झाली. नान्नजच्या मातीतून तर शरद सीडलेस ही काळी जात सगळ्या महाराष्ट्रात गेली. त्यामुळे थोड्या प्रमाणावर लाल वाईन करून पाहण्याची इच्छा बागायतदारांना होते आणि त्यांचे प्रश्नही येतात.

सुरुवातीलाच एक सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. ‘घरापुरती केली’ ही सबब चालत नाही. पुढील माहिती राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घेतलेल्या लहान उत्पादकांसाठी आणि परवाना घेण्याच्या विचारात असलेल्या बागायतदारांसाठी आहे, असे समजावे.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : रगडा चार-पाच दिवस जोरात उकळ्या फुटल्यासारखा आंबला, मग अचानक शांत झाला. चव पाहिली तर गोडी शिल्लक आहे. आता काय करावे? बहुतेक जण यावर एकच उपाय करतात. यीस्टची आणखी एक पुडी आणून पिंपात ओततात. दोन दिवस वाट पाहतात, काही घडत नाही, मग तिसरी पुडी. पेरलेले उगवले नाही म्हणून त्याच कोरड्या रानात पुन्हा बी टाकावे, तसा हा प्रकार आहे. दुबार पेरणी करायची तर आधी ओल आहे का ते पाहावे लागते.

खरोखर थांबले आहे का?

पहिले काम म्हणजे किण्वन थांबले आहे की संपले आहे, हे ठरविणे. येथेच सर्वांत मोठी फसगत होते आणि तिचे कारण बागायतदाराच्या खिशातच असते. द्राक्षाची गोडी पाहण्यासाठी आपण जो रिफ्रॅक्टोमीटर वापरतो तो ताज्या रसासाठी उत्तम आहे. परंतु रसात मद्यार्क तयार होऊ लागला की तो खोटे सांगू लागतो. मद्यार्कामुळे प्रकाश जास्त वळतो आणि काच जास्त ब्रिक्स दाखविते. २४ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबून त्यात साखर उरली नाही, तरी रिफ्रॅक्टोमीटर आठ-साडेआठ ब्रिक्स दाखवील! ‘सर, आठवर अडकली आहे हो’ असे म्हणत कोणी बाटली घेऊन आले, की आम्ही पहिल्यांदा विचारतो, मोजली कशाने?

रस आंबू लागल्यानंतर मोजमाप हायड्रोमीटरनेच करावे. २४ ब्रिक्सच्या ताज्या रसाची घनता सुमारे १.१०० असते. किण्वन पूर्ण झालेल्या लाल वाईनची घनता पाण्यापेक्षाही कमी, म्हणजे ०.९९० ते ०.९९६ च्या दरम्यान येते. नमुना नळीत घेतल्यावर चांगला हलवून त्यातील वायू काढून टाकावा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात. बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला जुळविलेले असतात. आपल्याकडे नमुना ३२ अंशांचा असला, तर वाचनात सुमारे ०.००३ मिळवावे.

घनता १.०१० च्या आसपास येऊन सलग तीन दिवस तेथेच राहिली, तर किण्वन थांबले आहे असे समजावे. अशा वाईनमध्ये लिटरला सुमारे ४० ग्रॅम साखर उरलेली असते. साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क बनतो. म्हणजे साडेअकरा टक्क्यांवर येऊन थांबलेली ही वाईन आणखी सव्वादोन टक्के पुढे जायला हवी होती. घनता रोज थोडी थोडी का होईना उतरत असेल, तर किण्वन मंद आहे, थांबलेले नाही. मंद किण्वनाला बहुधा फक्त तापमान नीट करणे आणि तळाचा गाळ हलविणे पुरते.

साखर उरली आहे का हे पाहण्यासाठी काही जण मधुमेहाच्या लघवी तपासणीच्या पट्ट्या वापरतात. त्या येथे उपयोगाच्या नाहीत. द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात. यीस्ट आधी ग्लुकोज संपविते. मागे राहते ते मुख्यतः फ्रुक्टोज, आणि ती पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. पट्टी ‘साखर नाही’ म्हणेल आणि पिंपात साखर असेल. शंका असल्यास प्रयोगशाळेतून अपचायक साखर तपासून घ्यावी. बुडबुड्यांवरूनही अंदाज बांधू नये. मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणूही वायू सोडतात.

सोलापूरचा मुख्य शत्रू : उष्णता

किण्वन थांबण्याची कारणे पुस्तकात दहा-बारा दिलेली असतात. आपल्या भागात मात्र पहिला संशय उष्णतेवरच घ्यावा, असे माझे मत आहे.

फ्रान्समधील बोर्दोला द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात. त्यानंतर तेथे हवा दिवसेंदिवस थंड होत जाते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीचा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो, म्हणजे तोडणी आणि उन्हाळा हातात हात घालून येतात. मार्चमध्येच पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहवत नाही, एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्यातच रगडा स्वतः उष्णता निर्माण करतो. एक ब्रिक्स साखर आंबताना रसाचे तापमान सुमारे १.३ अंशांनी वाढते. २४ ब्रिक्सचा हिशेब केला तर ३१ अंश होतात. ही सगळी उष्णता आत राहत नाही, काही भांड्याच्या पृष्ठभागातून निघून जाते. परंतु बाहेरची हवाच ३६ अंशांवर असेल, तर ती जाणार कोठे? शिवाय भांडे जेवढे मोठे तेवढा त्याचा पृष्ठभाग प्रमाणाने कमी, म्हणून हजार लिटरची टाकी दोनशे लिटरच्या पिंपापेक्षा लवकर तापते.

लाल वाईनचे किण्वन २५ ते ३० अंशांत ठेवावे. ३५ च्या वर यीस्ट थकू लागते आणि मद्यार्क जसा वाढत जातो तशी तिची उष्णता सोसण्याची ताकद कमी होत जाते. पहिल्या दिवशी ३५ अंश सहन करणारे यीस्ट दहा टक्के मद्यार्कात त्याच तापमानाला मरते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सालींचा जो थर वर तरंगतो तो खालच्या रसापेक्षा पाच-सहा अंशांनीसुद्धा अधिक गरम असू शकतो. थर्मामीटर खाली बुडवून ‘एकतीस आहे’ म्हणून निर्धास्त राहिले, तरी वर सालींत यीस्ट भाजून निघत असते.

ही अडचण नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच अमलाखालील अल्जीरियात द्राक्षाची लागवड खूप वाढली आणि तेथील वाईन कडक उन्हामुळे अशीच मध्ये थांबून आंबट होऊ लागली. तेथील उत्पादकांना थंड पाण्याने रसाची उष्णता काढून घेण्याच्या युक्त्या शोधाव्या लागल्या. आपली गरज फ्रान्सपेक्षा अल्जीरियाच्या जवळची आहे. पुस्तके मात्र आपण फ्रान्सची वाचतो.

इतर कारणे

उष्णतेखालोखाल येते ती यीस्टची उपासमार. साखर भरपूर असली तरी यीस्टला वाढीसाठी नत्र लागते, पिकाला लागते तसेच. रसात लिटरला १५० ते २०० मिलिग्रॅम उपलब्ध नत्र असावे, गोडी जास्त असेल तर त्याहून अधिक. कमी पडल्यास रगड्याला सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. हा वास आला की नत्राची शंका घ्यावी. त्यासाठी अन्नप्रक्रियेसाठी असलेले डायअमोनियम फॉस्फेट वापरतात. येथे एक कडक सूचना आहे. डीएपी म्हटल्यावर गोदामातले १८:४६ चे पोते डोळ्यांसमोर येते. ते खत आहे. त्यात जड धातू व इतर अशुद्धी असू शकतात. ते पिंपात कदापि टाकू नये. युरियाही टाकू नये, कारण त्यापासून मद्यार्काच्या सान्निध्यात इथाइल कार्बामेट हे आरोग्यास घातक द्रव्य तयार होते.

फार गोड द्राक्षे हेही कारण आहे. ‘अजून चार दिवस घडावर राहू दे’ म्हणून २७ ब्रिक्सला माल तोडला तर यीस्टला १५ टक्क्यांच्या पुढे ओढत न्यावे लागते. बेकरीचे यीस्ट तर त्याच्या बरेच आधी हात टेकते.

फवारणीचा विचार सहसा कोणी करत नाही. भुरीसाठी गंधक, केवड्यासाठी बोर्डो मिश्रण किंवा इतर बुरशीनाशके आपण मारतो. यीस्ट ही शेवटी बुरशीच आहे! काढणीपूर्व कालावधी पाळला नाही, तर सालीवर राहिलेले औषध पिंपातही आपले काम चोख करते. तांब्याचे अंश जास्त असल्यास किण्वन रेंगाळते. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट अंदाजाने मूठभर टाकल्यानेही हेच होते. शंभर लिटरला १० ग्रॅम हे सर्वसाधारण प्रमाण आहे. ते वजन करूनच टाकावे.

पुन्हा सुरू करण्याची पद्धत

थांबलेल्या वाईनमध्ये नवे यीस्ट टाकले की ते का मरते, हे समजून घेतले तर पुढची सगळी कृती आपोआप समजते. ताज्या रसात यीस्ट मद्यार्क नसताना जन्माला येते आणि मद्यार्क वाढेल तशी स्वतःला तयार करत जाते. थांबलेल्या पिंपात मात्र तिला एकदम साडेअकरा टक्के मद्यार्कात उडी मारावी लागते. शेडनेटमधले कोवळे रोप भर उन्हात लावल्यावर मान टाकते, म्हणून आपण ते आधी कणखर करतो. यीस्टचेही तसेच करावयाचे.

शंभर लिटर वाईन थांबली आहे असे धरून प्रमाण देत आहे.

प्रथम साली पिळून वेगळ्या कराव्यात आणि वाईन तळाच्या जाड गाळावरून निथळून स्वच्छ भांड्यात घ्यावी. मेलेल्या यीस्टने सोडलेली काही द्रव्ये नव्या यीस्टला मारक असतात. ती शोषून घेण्यासाठी यीस्टची टरफले म्हणून एक पदार्थ वाईन साहित्याच्या विक्रेत्यांकडे मिळतो. तो २५ ग्रॅम टाकून, ढवळून, एक-दोन दिवसांनी वाईन पुन्हा निथळावी. तापमान २२ ते २५ अंशांवर आणावे. या काळात व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर ३ ते ४ ग्रॅम केएमएस टाकून एक दिवस थांबावे. वास नसेल तर टाकू नये. भांडे काठोकाठ भरलेले ठेवावे. आता वायूचे संरक्षण नसल्याने हवेतील जीवाणूंना मोकळे रान मिळते. आपल्या उष्ण भागातील द्राक्षात आम्लता कमी असते, त्यामुळे हे जीवाणू आपल्याकडे अधिक लवकर वाढतात. म्हणून थांबलेली वाईन आठ-दहा दिवस तशीच ठेवून ‘बघू’ म्हणणे महागात पडते.

आता विरजण तयार करावे. उकळून गार केलेले अडीच लिटर पाणी आणि थांबलेली वाईन अडीच लिटर एकत्र करून त्यात २५० ग्रॅम साखर व पाकिटावरील प्रमाणात यीस्टचे संयुक्त पोषक विरघळवावे. मिश्रणाची घनता १.०२० च्या आसपास भरेल. जास्त मद्यार्क सोसणारे, बायानस प्रकारचे यीस्ट घ्यावे. ईसी-१११८ हे नाव या कामासाठी सर्वत्र परिचित आहे. एरवी शंभर लिटरला २० ते २५ ग्रॅम पुरते, येथे ५० ग्रॅम घ्यावे. अर्धा लिटर पाणी ४० अंशांना कोमट करून त्यावर यीस्ट भुरभुरावे व १५ ते २० मिनिटे भिजू द्यावे. पाण्याचे तापमान हाताने अजमावू नये, थर्मामीटर लावावा. पाणी ४५ च्या पुढे गेले तर सगळे येथेच संपते. भिजलेल्या यीस्टमध्ये थोडे थोडे मिश्रण घालत तापमान उतरवावे आणि मग दोन्ही एकत्र करावे. विरजण आणि त्यात घालावयाची वाईन यांच्या तापमानात कधीही दहा अंशांहून जास्त फरक असू नये, पाचाच्या आत असल्यास उत्तम.

विरजण २५ ते २८ अंशांत झाकून ठेवावे. घनता १.००८ पर्यंत उतरली, म्हणजे निम्मी साखर संपली, की त्यात ५ लिटर थांबलेली वाईन घालावी. पुन्हा घनता ०.००५ ते ०.००७ ने उतरली की १० लिटर, मग तसेच २० लिटर. दर वेळी विरजण दुप्पट होते आणि यीस्टला एक पायरी जास्त मद्यार्काची सवय होते. दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. साखर पूर्ण संपू देऊ नये, उपाशी राहिलेले यीस्ट पुढे कामाला लागत नाही. आणि घनता उतरत नसेल तर घाईने पुढची वाईन घालू नये. शेवटी सुमारे ४० लिटरचे जोमदार विरजण उरलेल्या वाईनमध्ये मिसळावे. हे सर्व होण्यास चार ते सहा दिवस लागतात. त्यानंतर शेवटची साखर संपण्यास आठवडा-दोन आठवडे लागू शकतात.

या टप्प्यावर डायअमोनियम फॉस्फेट ओतण्याचा मोह टाळावा. मद्यार्क जास्त असताना यीस्टला अमोनियाचे नत्र फारसे घेता येत नाही, ते जीवाणूंच्या पथ्यावर पडते. नत्र द्यावयाचे ते मूळ किण्वनाच्या सुरुवातीला आणि एकतृतीयांश साखर संपल्यावर, दर वेळी शंभर लिटरला २० ते २५ ग्रॅम, असे दोन हप्त्यांत. निम्मी साखर संपल्यावर त्याचा हंगाम गेलेला असतो.

पुढच्या तोडणीला

उष्णतेचा बंदोबस्त करण्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. माल पहाटे तोडावा आणि क्रेट सावलीत ठेवून सकाळीच रगडावा. सकाळी सातचे द्राक्ष आणि दुपारी दोनचे द्राक्ष यांत सहज दहा अंशांचा फरक असतो. तो फरक म्हणजे किण्वनाच्या अखेरीचा दिलासा होय. २२ ते २४ ब्रिक्सला तोडणी करावी. शीतकरणाची सोय नसेल तर दोनशे लिटरपेक्षा मोठे भांडे वापरू नये. पिंपाला ओले गोणपाट गुंडाळून त्यावर पंख्याचा वारा सोडला तर आपल्या कोरड्या हवेत त्याचा चांगला उपयोग होतो. कोकणातल्या दमट हवेत तेवढा होणार नाही. बाहेरून गरम पाण्याने धुतलेल्या, घट्ट बुचाच्या बाटल्यांत पाणी गोठवून त्या रगड्यात सोडाव्यात. बर्फ मात्र थेट टाकू नये. सालींचा थर दिवसातून तीन-चार वेळा खाली दाबावा आणि तापमान दर वेळी थरात व रसात असे दोन ठिकाणी मोजून वहीत लिहावे. अशी वही असली की किण्वन थांबल्यावर कारण शोधण्यासाठी तर्क लढवावा लागत नाही.

खोली थंड राहावी म्हणून दारे-खिडक्या बंद करून घेणारेही आढळतात. किण्वनातून निघणारा कर्बवायू हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो. जुन्या काळी ज्वारीच्या पेवात उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहत असत, तोच हा वायू. तळघरात किंवा बंद खोलीत पिंपे ठेवली असतील तर आधी हवा खेळती करावी, मगच आत जावे. टाकीत डोके घालून गाळ काढू नये.

एवढे करूनही किण्वन पुन्हा सुरू झाले नाही तर? अशी वाईन गोड म्हणून बाटलीत भरू नये. उरलेली साखर उन्हाळ्यात कधीही पुन्हा आंबू लागते आणि बाटली फुटते. जोरात चाललेल्या दुसऱ्या पिंपात ती एकदम ओतणेही धोक्याचे आहे, चांगले पिंपही तिच्यासोबत बसते. ताजा रस जोमात असताना त्यात थोडी थोडी घालून पाहता येते. व्हिनेगरचा वास एकदा पक्का झाला असेल, तर मात्र वाईन परत आणण्याचा खटाटोप सोडावा. उत्पादन शुल्क विभागाला कळवून आणि अन्न परवान्यात तशी नोंद करून तिचे व्हिनेगर करता येते. त्यासाठी पाणी घालून मद्यार्क सहा-सात टक्क्यांवर आणावा, चांगल्या चालू व्हिनेगरचे विरजण लावावे, रुंद तोंडाच्या भांड्यावर मलमल बांधावी आणि हवा लागू द्यावी. हे काम वाईनच्या पिंपांपासून दूर, वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या भांड्यांत करावे. विक्रीसाठीच्या आंबविलेल्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असावे लागते, तेव्हा बाटल्या भरण्यापूर्वी तेवढी तपासणी करून घ्यावी.